चावडीपुढचा बाक

गडमुडशिंगीच्या कृष्णातला बागेचं वेड लागलं, तेव्हा गावाला फुकटची करमणूक झाली. ज्या गड्यानं जन्मात ऊस, मिरची आणि भुईमूग सोडून चौथ्या रोपाला हात लावला नव्हता, तो कोल्हापुरातनं गुलाबाची कलमं लेकरासारखी पोटाशी धरून सर्व्हिस मोटारीतनं उतरला.

"किस्नाबा, ह्याची भाजी हुती का कोरड्यास?" जोतीराम ओरडला. जोतीराम म्हणजे गावचं न छापलेलं वर्तमानपत्र.

"तुझ्या मढ्यावर घालाय आणल्यात," कृष्णात म्हणाला. पण हसला नाही.

हसू त्याचं आषाढातच आटलं होतं. चावडीपुढनं बाईमाणसानं जायचं नाही, ही गावची रीत. चपला हातात घ्यायच्या, पदर ओढायचा आणि मागच्या बोळातनं विहीर गाठायची. कृष्णातच्या बायकोनं, अंबूबाईनं, लग्न होऊन आल्यापासनं तो बोळ तुडवला. कृष्णात चावडीच्या कट्ट्यावर पानाचा तोबरा भरून बसलेला असायचा. डोक्यावर घागर घेऊन ती बोळात वळताना त्याला दिसायची. त्यात वावगं काही असेल, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही. मग आषाढात त्याच बोळातल्या शेवाळावर ती आपटली. खुबा मोडला. हाडवैद्यानं बांधलं, पण हाड काही धरलं नाही. वर अंगात ताप मुरला. दिवाळी निघणं कठीण, असं वैद्य कृष्णातच्या कानात सांगून गेला.

त्याच सुमाराला पडक्या चावडीचं समाजमंदिर करायचं गावानं ठरवलं. संस्थान जाऊन चार वर्षं झाली होती, नव्याची हौस होती. कृष्णात पुढं झाला. कट्टा फोडला, कौलं बदलली, भिंती चुन्यानं पांढऱ्या केल्या. पुढच्या उकिरड्याच्या जागी बाग आली, आणि बागेत दगडी बाक.

"ह्यो बाक बायकास्नी बी हाय," त्यानं बैठकीत सांगितलं.

"मग आमी चुलीफुडं बसावं व्हय?" जोतीरामनं विचारलं. सगळे खिदळले. कृष्णातला एकच ध्यास होता. अंबूनं डोळे मिटायच्या आत एकदा, भर दिवसा, चावडीकडं तोंड करून तिथं बसावं.

दसऱ्याला उद्घाटन झालं. बैलगाडीत पिंजार, त्यावर वाकळ टाकून त्यानं बायकोला आणलं. बागेत माणसं बघताच तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"अवो, कुठं आणलासा मला? गडीमाणसं हाईत की!"

"असू देत. तुझ्यासाठनंच केलंय समदं. उतर."

"नगं. मला न्हाय जमायचं."

कृष्णात माणसांकडं वळला. "उठा रं! भाईर व्हा समदी!"

माणसं निमूट बाहेर गेली. जोतीराम तर सगळ्यांच्या आधी, तेही न बोलता.

"आता तरी उतर म्हंतो न्हवं!"

आवाज तोच, रोज ताट मागणारा. अंबूबाई त्याच्या खांद्याला धरून कण्हत उतरली. बाकाच्या टोकाला, चावडीकडं पाठ करून, अंग चोरून बसली. गुलाबाकडं तिनं पाहिलंच नाही. नजर पायाच्या अंगठ्यावर.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "बसलो की. आता जाऊ का?"

त्यानं हो म्हटलं नाही, म्हणून ती तशीच बसून राहिली.