हद्दीच्या आत

“इथली हद्द कुठपतूर?”

कुठेही गेले की अण्णांचा पहिला प्रश्न हा. मल्लेश्वरममध्ये एका शिंप्याच्या दुकानावर आमच्या संघटनेची खोली आहे. तिथे ते पहिल्यांदा आले तेव्हा जिना चढून, कुबडी भिंतीला टेकवून, घाम पुसायच्याही आधी त्यांनी हेच विचारलं. मला वाटलं, घरभाड्याचं भांडण घेऊन आलेत.

“आमची हद्द म्हणजे ही एवढी खोली,” मी म्हटलं.

“आणि जिना?”

“जिना घरमालकाचा.”

“मंजे येताना पडलो असतो तर घरमालकाच्या नावावर. आता पडलो तर तुमच्या.” आणि समाधानाने खुर्चीत बसले.

कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्याची टपरी कुठे संपते आणि फुटपाथ कुठे सुरू होतो, हे कळल्याशिवाय ते पेला हातात घेत नसत. तो म्हणे, “अण्णा, तुम्ही पेला धरा, हद्द मी धरतो.” बसमध्ये कंडक्टरला विचारलं तर तो ओरडला, “स्वल्प पुढे सरका, हद्द उतरल्यावर बघू!” घरी त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती तर वैतागूनच गेली होती. “हे झोपताना मला इचारतात, तुझी हद्द कुठपतूर. मी म्हणते, गोधडी संपते तिथपतूर. गप पडा.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकच प्रश्न घेऊन फिरणारी. आपण हसतो आणि पुढे जातो. मीही हसले. मग त्यांनी लुंगी जरा वर करून गुडघ्याखाली काही नसलेला पाय दाखवला आणि सांगायला लागले.

नाव लिहीत नाही, अक्कांनी तसं बजावलंय. निपाणीकडचे. ऐन तारुण्यात दगडाच्या कामावर म्हणून आनेकलकडे आले ते इकडचेच झाले. बोलण्यात निम्मं कानडी, आणि ‘पण’ म्हणायचं असेल तिथे ते ‘खरं’ म्हणत, त्यांच्या गावाकडे म्हणतात तसं. मी नागपूरची. नोकरीसाठी बंगळूरला आले, नोकरी सोडली आणि पत्रकं लिहायला लागले. पहिले काही दिवस आम्हा दोघांना एकमेकांचं मराठी हिंदीतून समजून घ्यावं लागलं.

आता त्या डोंगराबद्दल. आनेकलच्या पुढे आहे तो. इंग्रज कमिशनरच्या अमदानीत सरकारने तो बांधकामाच्या दगडासाठी पहिल्यांदा भाडेपट्ट्याने दिला. गावाची गुरं तिथे चरत होती, बायका सरपण आणत होत्या. पण सरकारी मोजणीत डोंगरापुढे ‘खराब’ असा शेरा पडला. खराब म्हणजे कुणाची नाही, कुणाची नाही म्हणजे सरकारची, सरकारची म्हणजे हव्या त्याला द्यायला मोकळी. पत्रकात हे लिहिते तेव्हा मी तीन उद्गारचिन्हं टाकते. मोजणीदारांनी चारी बाजूंना बाण कोरलेले दगड पुरले. साहेब गेला, संस्थानच्या महाराजांचं राज्य आलं आणि गेलं, पट्टेदारामागून पट्टेदार आले. पट्टा नवा होतो, दगड तेच आहेत. दगडांच्या आतला डोंगर पट्टेदाराचा. आत राबणारी माणसं कुणाची, हे तेव्हाही कुणी लिहिलं नाही, आताही कुणी लिहीत नाही.

त्या खाणीत एक रिवाज आहे. माणूस जखमी झाला की त्याला खाणीत ठेवायचं नाही. हद्दीच्या दगडापलीकडे रस्त्याच्या कडेला करंजाचं झाड आहे, त्याखाली शेंदूर लावलेली देवी आहे. उचलून तिच्यापुढे आणायचं. खाणीत रक्त पडून राहिलं तर डोंगर आणखी मागतो, असं जुनी माणसं सांगत आली. शिवाय गाडीही करंजापर्यंतच येते. अण्णांच्या पायावर शिळा आली तेव्हा त्यांनीच सांगितलं, “देवीपुढं ठेवा मला.” चौघांनी गोणपाटात घालून नेलं.

आणि कागदावर काय चढलं? रस्त्याकडेला झाडाखाली सापडलेला इसम.

जखमी कामगाराला मदत आहे. पण ती कामावर असताना, पट्ट्याच्या हद्दीत इजा झालेल्याला. झाडाखाली सापडलेल्या इसमाला नाही. अण्णांचा अर्ज असा परत आला.

पट्टेदाराला हा रिवाज नीट ठाऊक होता. त्याच्या मेस्त्रीने, म्हणजे मुकादमाने, करंजाखाली फरशी घालून दिली होती, देवीपुढे लोकांना टेकायला बरं म्हणून. मी ती फरशी पाहिली तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली. अण्णा म्हणाले, “फरशीला काय शिव्या देतीस? फरशी चांगली हाय. मी घडवलेली हाय.”

त्यांना काय हवं होतं ते साधं होतं. महिन्याची मदत सुरू झाली असती तर अक्कांना बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम सोडता आलं असतं. दिवसभर उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते. अण्णा हे मला हळूच सांगत, अक्का आत चहा टाकायला गेल्या की. आणि दुसरं असं, की त्यांना सरकारच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: हा माणूस खाणीत पडला. “रस्त्यावर पडतो तो दारुडा गं,” ते म्हणाले. “मी कामावर पडलोय.”

आम्ही अपील केलं. तारीख मिळाली. तोवर मी एक पत्रक काढलं, कानडीत, हिंदीत आणि मराठीत. मोठ्या अक्षरांत एकच ओळ: जखमीला हलवू नका! पडल्या जागी फोटो काढा, रुग्णवाहिका आत बोलवा! अण्णांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मान हलवली आणि म्हणाले, “आण हिकडं. मी वाटतो. तुझ्या हातनं कोण घील?”

दुपारच्या सुट्टीत खाणीच्या फाटकाशी ते एका पायावर उभे राहून पत्रकं वाटत. एक जण म्हणाला, “अण्णा, मग तुम्ही का न्हाई पडून ऱ्हायलात?”

“तुझ्या बापानं उचललं म्हणून. लई घाई त्याला.”

सगळे हसले. त्याचा बाप त्या चौघांपैकी एक होता आणि तिथेच उभा राहून विडी ओढत होता. तोही हसला.

असंच एकदा वाटून झालं होतं. सुट्टी संपून माणसं खाली उतरली होती आणि आम्ही बसची वाट बघत होतो. आतून आरोळी आली. फाटकावर कुणी नव्हतं, मी धावत आत गेले. कडेचा ढिगारा सरकून एक माणूस खांद्यापर्यंत दबला होता, आणि त्याला मोकळा करून बाकीचे गोल करून उभे होते. कुणी त्याला हात लावत नव्हतं. दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले होते. एकाच्या खिशातून आमचं पिवळं पत्रक डोकावत होतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, झालं! यांना समजलं! मीही फोन काढला.

मागून कुबडीचा आवाज आला. अण्णा उतारावरून कसे उतरले देव जाणे. त्यांनी एकदा त्या माणसाकडे पाहिलं आणि ओरडले, “बगता काय? उचला! देवीपुढं न्या!”

आणि त्या माणसांनी मोबाइल खिशात टाकून त्याला असं उचललं, जणू कुणीतरी हे म्हणायचीच ते वाट बघत होते.

तो वाचला. खांदा गेला. आणि कागदावर तोही करंजाखालीच सापडला. माझ्या फोनमधला फोटो धुळीने इतका पांढरा आला होता की त्यात माणूस आहे हेही कळत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना फाडून खाल्लं. “अण्णा, तुम्हीच? पत्रक तुम्ही वाटलंत!”

“व्हय.”

“आता त्यालाही काही मिळणार नाही.”

“व्हय.”

“तुमच्या अपिलातही हेच सांगणार ते. बघा, रस्त्यावरच पडतात.”

त्यांनी कुबडी सीटखाली सरकवली. मग म्हणाले, “तो माझ्याकडं बगायलता. अण्णा, देवी, म्हणाला. आता त्याला पत्रक वाचून दाखवायचं काय?” आणि थोड्या वेळाने, “तुझं बरोबर हाय. खरं, पडलेल्याला तसं ठेवता येत न्हाई गं.”

पत्रकातली ती ओळ मी अजून काढलेली नाही. कायद्याने ती बरोबरच आहे. माणसाला दुखण्यासकट धुळीत पडून राहायला लावणारा कायदा कुणी केला, हे विचारणारी दुसरी ओळ मी तिच्याखाली घातली. ती कुणी वाचत नाही.

सुनावणीच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. अक्कांनी कारखान्यातून सुट्टी घेतली होती. पट्टेदाराचा वकील चांगला बोलला. म्हणाला, “पायाचा चुरा झालेल्या माणसाला कुणी इतक्या लांब उचलून नेईल का? काही माणुसकी?” मी उठून ओरडले, “माणुसकी म्हणूनच नेलं!” मला खाली बसवण्यात आलं.

अधिकारी वाईट नव्हते, हे मला लिहावंच लागेल. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “तुम्हाला आतून उचलून आणणाऱ्यांपैकी एकाचं नाव सांगा. मी बोलावतो त्याला. एकानेही सांगितलं तरी मला पुरे आहे.”

मी अण्णांकडे पाहिलं. चारही नावं त्यांना ठाऊक होती. सणाला चौघांच्या घरून ताट येत असे. पण चौघांची पत्र्याची घरं पट्टेदाराच्या जागेत होती आणि चौघांची मुलं त्याच खाणीवर. एकाने तोंड उघडलं असतं तर संध्याकाळी त्याचं सामान रस्त्यावर आलं असतं.

अक्का पुटपुटल्या, “सांगा की.” त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

अण्णांनी त्या हातांकडे पाहिलं. मग अधिकाऱ्यांकडे. “डोळ्यापुढं अंधारी आलती, साहेब,” ते म्हणाले. “तोंडं दिसली न्हाईत.”

अपील फेटाळलं गेलं.

खाली उतरून मल्लेश्वरमला आलो. कोपऱ्यावर कॉफी घेतली. अण्णांनी काही न विचारता पेला उचलला. कॉफीवाला म्हणाला, “काय अण्णा, आज हद्द विचारली नाही?”

“कळली,” ते म्हणाले.

त्यानंतर ते खोलीवर फारसे आले नाहीत. छातीत धूळ होतीच, खोकला वाढला. मी आनेकलला जायचे तेव्हा बघायचे, अक्का कारखान्यातून यायच्या आधी ते एका पायावर उभं राहून भात लावत, आणि तो रोज करपत असे. अक्का करपलेला भात खात आणि शेजारणीला ओरडून सांगत, “आमच्याकडं आचारी ठेवलाय, खरं बेकार हाय!” अण्णा आतून हसत, हसता हसता खोकत.

एका सकाळी अक्कांचा फोन आला. “ये गं पोरी. अण्णा गेले.”

पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. खांदा द्यायला तेच चौघे होते. चौघांनीही त्या दिवशी कामावर दांडी मारली होती. बायकांनी स्मशानात यायचं नसतं असं कुणीतरी म्हणालं, अक्कांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या गुडघ्यावर हात ठेवत पुढे चालू लागल्या, मी त्यांच्यामागे. पुढे एक जण चुरमुरे उधळत होता.

स्मशानाची वाट करंजावरूनच जाते. तिरडी वाटेत एकदा खाली ठेवायची असते. तो मेलेल्या माणसाचा विसावा. तिथे पुढचे खांदेकरी मागे होतात, मागचे पुढे येतात. करंज जवळ आला तसे चौघे सवयीने झाडाकडे वळले. मेस्त्रीही फाटकातून बाहेर आला होता, टोपी काढून. फरशीकडे हात करून म्हणाला, “ठेवा, इथं सावलीत ठेवा.”

अक्का थांबल्या. मेस्त्रीला विचारलं, “हद्द कुठपतूर?”

त्याला कळेना. “काय अक्का?”

“खाणीची हद्द. कुठपतूर हाय?”

त्याने बाण कोरलेल्या दगडाकडे बोट दाखवलं.

“मग आत घ्या ह्यांना,” अक्का म्हणाल्या.

चौघे क्षणभर उभे राहिले. मेस्त्री काहीतरी म्हणू लागला, “अक्का, आत कशाला, मालक...” पण विडी ओढणारा तो म्हातारा खांदेकरी वळला होता, आणि एक वळला की बाकीच्या तिघांना वळावंच लागतं. दगडाच्या पलीकडे, उतार उतरून, जिथे शिळा आली होती तिथे त्यांनी तिरडी ठेवली. जागा कुणाला विचारावी लागली नाही. खाली ड्रिलचं यंत्र कुणीतरी बंद केलं.

पुढचे मागे झाले, मागचे पुढे आले. मग चौघांनी त्यांना पुन्हा उचललं आणि पुन्हा आतून बाहेर आणलं.

मी मागे राहिले. चुरमुऱ्यांची पांढरी ओळ खाणीच्या धुळीतून वर चढत आली होती आणि इंग्रजाने पुरलेल्या दगडाशेजारून बाहेर रस्त्यावर गेली होती. मेस्त्री तिच्याकडे बघत उभा होता. त्याने पाय पुढे केला, पुसायला असावा. मग मागे घेतला, आणि ओळ चुकवून बाजूने आत गेला.