कापसाचा हंस आणि मालगाडी

शिलाई मशिनच्या तेलाचा वास आला की मला ती बावळट बाई आठवते, शोकेसची किल्ली कमरेला लावून मिरवणारी. म्हणजे तेव्हाची मीच. मलकापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत पुढची अख्खी भिंत त्या काचेच्या कपाटानं अडवलेली, आणि आत काय, तर माझं लग्नातलं रुखवत: कापसाचा हंस, शिंपल्यांचं देऊळ, बांगड्यांची बाहुली. आमचे हे फौजेतून आले ते चिमुकल्या, हुबेहूब आगगाड्यांचं वेड घेऊन. पलंगाखालची काळी पेटी इंजिनांनी भरली, मग तांदळाच्या पिंपातून मालगाडी निघाली. "एक फळी दे की गं," हे म्हणायचे. "आवं, माझं रुखवत काढून तुमची खेळणी मांडू व्हय? लोक काय म्हणतील!" असा माझा तोरा. त्या वर्षी गौरीपुढं मी तेच धुरकटलेलं रुखवत मांडलं. बघायला आलेल्या बायका जांभया देत उठायला लागल्या, तेवढ्यात ह्यांनी गौरीभोवती रूळ जोडून मालगाडी सोडली. सगळ्या परत खाली बसल्या. उघड्या डब्यात माझा हंस बसवलेला! मी ओरडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "गप बस. जन्मभर काचेत कोंडलंस त्याला, आता फिरू दे की जरा." बायका खो खो हसल्या. आता शोकेसच्या सगळ्या फळ्यांवर इंजिनं आहेत, त्यांना शिलाई मशिनचं तेल मीच घालते. परवा ह्यांनी विचारलं, "पेटीतला हंस मांडायचा का गं?" म्हटलं, "आवं, जागा कुठाय?"