उजव्या कोपऱ्यातलं नाव

सरांनी माझ्या नावावर पांढरा रंग फिरवला. माझ्याच हातातला ब्रश घेऊन, सगळ्यांसमोर.

"हे काय लिहिलंस?" त्यांनी आधी विचारलं होतं.

"नाव हाय सर. काम झालं की टाकतो आमी."

सगळे हसले. सर हसले नाहीत, समजावून सांगू लागले. ते जास्त लागलं. "ही किराणा दुकानाची भिंत नाही. हे सगळ्यांनी मिळून केलेलं काम आहे. इथं 'मी' बाहेर ठेवून यायचं असतं."

मी पाथरीचा. बाप पेंटर, मीही पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती. आमच्या धंद्यात रीतच आहे. भिंत पुरी झाली की खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर अक्षरात आपलं नाव टाकायचं. देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावं बापानंच रंगवली. तिथं मात्र पंचांनी कोपरा रिकामा ठेवायला लावला. "तुमच्या लोकांचं नाव देवाच्या भिंतीवर नगं." बाप शिडीवरून उतरला. शिडी धरून मी खाली उभा होतो.

फ्लेक्स आले आणि काम बसलं. चित्रकलेच्या कॉलेजात जायची ऐपत नव्हती. म्हणून परभणीतल्या मोफत वर्गाचं कळलं तेव्हा मी हरखलो. चित्रकार आणि लिहिणारे एकत्र शिकणार. परीक्षा नाही, मार्क नाहीत, कुणी गुरू नाही, कुणी चेला नाही. वर्ग घेणारे सर पुण्याहून यायचे, मी दर रविवारी एसटीनं जायचो. तुला काय काढावंसं वाटतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा तिथं कुणी विचारलं. खोटं कशाला बोलू, त्या वर्गावर माझा जीव होता.

शेवटी सगळ्यांनी मिळून ती भिंत केली. एका मुलीची कविता, आणि तिच्या शेजारी वीटभट्टीवरच्या बाया. बाया मी काढल्या. त्यात माझी आई होती. काम संपलं आणि सवयीनं हात कोपऱ्याकडे गेला.

भिंतीच्या उद्घाटनाला गेलो तर फाटकावर फ्लेक्स. त्यावर सरांचा फोटो. खाली ठळक अक्षरात 'संकल्पना आणि निर्मिती', आणि सरांचं नाव. म्हणजे 'मी' फक्त आम्हीच बाहेर ठेवायचा होता. पंचांनी निदान कारण तोंडावर सांगितलं होतं.

पाहुण्यांची भाषणं चालू होती. मी भिंतीजवळ गेलो, काळा रंग घेतला आणि त्याच कोपऱ्यात नाव लिहिलं. घाईत अक्षर वाकडं आलं.

"फुकट शिकवलं, त्याचे चांगले पांग फेडलेस," सर म्हणाले.

वर्गातलं कुणीही उठलं नाही. कविता लिहिणारी मुलगीसुद्धा नाही. मला वर्गातून काढलं. कोपरा परत पांढरा झाल्याचं नंतर कळलं.

बाप म्हणाला, "आपुन दुसऱ्याची नावं लिव्हायची. आपलं कोण लिव्हायलंय?"

असा वर्ग पुन्हा मिळणार नाही. कामही नाही. मध्ये एका शाळेच्या कुंपणाची भिंत मिळाली होती. ठेकेदारानं सांगितलं, "नाव टाकायचं न्हाई." मी डब्यांची झाकणं लावली आणि निघून आलो. बाप अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पुढची भिंत कधी मिळेल ठाऊक नाही. बहुतेक मिळणारच नाही. मिळालीच तर सुरुवात उजव्या कोपऱ्यातून करीन. आधी नाव. चित्र नंतर.