अणुकाकांची रसद

अणुकाकांच्या घरात प्रत्येक वस्तू दोन होती. दोन किटल्या, दोन टोस्टर, बर्फ उपसायची दोन फावडी, आणि बेसमेंटमध्ये कपाटभर बल्ब, वॉशर, नळाच्या तोट्या. "जहाज भर समुद्रात असताना हार्डवेअरचं दुकान शोधत फिरता येत नाही," ते म्हणत. कनाटा उपनगरातल्या आमच्या गल्लीत समुद्र औषधालाही नव्हता, पण हे त्यांना सांगणार कोण?

जहाज म्हणजे अणुशक्तीवर चालणारं विमानवाहू जहाज. काकांनी अख्खी नोकरी त्या जहाजांच्या वाफेच्या व्हॉल्व्हचे सुटे भाग करण्यात घालवली. भाग इथे तयार व्हायचे आणि सीमेपलीकडे अमेरिकेत जायचे. जहाज त्यांनी स्वतः कधीच पाहिलं नाही. 'अणुकाका' हे नाव इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी चेष्टेनं ठेवलं होतं, त्यांनी ते बिरुदासारखं मिरवलं. गणपतीच्या जेवणात त्यांच्या शेजारी बसलेल्याची सुटका नसे. वरणभात वाढून होईतो रिअॅक्टर तापलेला असायचा, आणि मठ्ठा येईपर्यंत जहाज निम्मं जग फिरून यायचं.

"एकदा इंधन भरलं की वीस-पंचवीस वर्षं बघायला नको," असं म्हणून ते थांबायचे. ऐकणारा थक्क झाला की हळूच पुढचं यायचं. "पण कांदे-बटाटे संपतातच. दुसरं जहाज रसद घेऊन शेजारी येतं, दोर टाकतात, तेव्हा कुठे लोक जेवतात."

काकू गेल्या तेव्हाही काका ताठच होते. भेटायला येणाऱ्यांना म्हणायचे, "माझं काही अडत नाही." लोकांनी ते खरं मानलं आणि आपापल्या कामाला लागले. मुलगा दोन तासांवरच्या ब्रॉसार्डला, त्याचा फोन रविवारी.

त्या हिवाळ्यात मला त्यांचा फोन आला. "अगं, ग्रोसरीला चालली असशील तर थोडे कांदे आणशील? रोड फार आयसी आहेत, मी ड्राइव्ह करत नाही." मी गेले तर दार उघडतानाच म्हणाले, "रसद आली." चहाचे दोन कप आधीच मांडून ठेवलेले होते. मग दर शनिवारी कांदे. एकटा माणूस खाऊन खाऊन किती कांदे खाणार, असं मला वाटायचं, पण त्यांच्या गप्पांत विचारायचं राहून जायचं.

एकदा स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून बल्ब आणायला मी बेसमेंटमध्ये उतरले. कपाटाखाली मी आणलेल्या पिशव्या ओळीनं ठेवल्या होत्या, गाठीसुद्धा न सोडलेल्या. काहींतल्या कांद्यांना कोंब आले होते. मला फार वाईट वाटलं. बल्ब घेऊन वर आले आणि विचारलं, "काका, पुढच्या शनिवारी काय आणू?"

"कांदेच आण," ते म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात ते बर्फावरून घसरले आणि मुलगा त्यांना ब्रॉसार्डला घेऊन गेला. दुसरी किटली, दुसरा टोस्टर, दुसरं फावडं, सगळं गराज सेलमध्ये गेलं. महिन्याभरानं मी फोन केला, तिकडे कसं काय म्हणून विचारलं.

"सगळं आहे गं इथं," काका म्हणाले. "काही संपतच नाही."

त्यांना असं पडलेल्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. शनिवारी कांदे घेऊन निघाले. हायवेवर बर्फाचा भुगा उडत होता, दोन तासांचा रस्ता तीन तासांचा झाला. दार त्यांच्या नातीनं उघडलं. माझ्या हातातली पिशवी बघून ती आत वळून म्हणाली, "आजोबा, समवन ब्रॉट अनियन्स. बट वी हॅव लॉट्स."

काका भिंतीला धरत धरत आले. पिशवी माझ्याकडून घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"असू देत," ते नातीला म्हणाले. "हे स्पेअरचे आहेत."