तंगडी कुणाची

पेरू देशातल्या लिमा शहरात भाजकी कोंबडी कुणी घरी करत बसत नाही. रविवारी माणसं कोपऱ्यावरच्या कोळशाच्या भट्टीवाल्या दुकानात जातात, सळईवर फिरणाऱ्या कोंबड्यांकडे बघत रांगेत ताटकळतात आणि बटाट्याचे काप, हिरवी चटणी असं सगळं पिशवीत घालून घरी येतात. एका कोंबडीसाठी घरी कोळसा पेटवणारा माणूस एक तर हौशी असायचा, नाहीतर एकटा. सातुर्निनो पालोमिनोला हौस म्हणून कसली ती नव्हती.

उभं आयुष्य त्याने एकाच दुकानात भट्टीवाला म्हणून काढलं. गिऱ्हाइकांच्या आवडी त्याला तोंडपाठ होत्या. नोटरीसाहेबांना छाती, गॅरेजवाल्याला तंगडी आणि वर जास्तीचं कुरकुरीत कातडं, शाळेतल्या दोन शिक्षिका बहिणींपैकी थोरलीला हे तर धाकटीला ते. वेटरने तोंड उघडायच्या आत याची कात्री चालायची. आणि रविवारी अख्खं शहर बायकापोरांना घेऊन जेवायला बसायचं तेव्हा हा भट्टीपुढे घाम पुसत उभा. घरच्यांसाठी ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर एक कोंबडी धाडून द्यायची, की बापाचं कर्तव्य झालं. स्वतः कोमासच्या टेकडीवर चढून घरी पोचेपर्यंत सगळी झोपलेली असायची.

गेल्या हिवाळ्यात त्याची बायको अग्रिपिना गेली. मुलगा चिलीत. मुलगी नेलिदा दूर दक्षिणेला ताक्नात, सासरी. तिचे फोन यायचे, पण हवापाण्याच्या पलीकडे जायचे नाहीत. आता आईच्या वर्षाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, ती येणार होती.

"रविवारी सकाळी पोचते. संध्याकाळच्या बसने परत," ती फोनवर म्हणाली.

"जेवायला तरी घरी येशील ना?"

"बघू, पापा."

सातुर्निनोने त्याच दिवशी तिच्या जुन्या खोलीतल्या चादरी धुतल्या. ती एक रात्र राहिली पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं. पण 'राहा' हा शब्द त्याच्या तोंडून यायचा नाही. मुलीकडे कधी काही मागायची सवयच नव्हती, आता कुठून आणणार? मग त्याने ठरवलं, कोंबडी करायची. आपल्याला दुसरं येतं काय?

शनिवारी दुपारी तो मसाला कालवायला बसला. लसूण, जिरं, लाल मिरचीचं वाटण, व्हिनेगर, सोया सॉस, काळी बिअर. दुकानात हे सगळं बादलीने व्हायचं. एका कोंबडीचा अंदाज त्याच्या हाताला ठाऊकच नव्हता. शेजारची दोमितिला कुंपणावरून डोकावली.

"अहो शेजारी, कोंबडी भिजवताय की बुडवताय? किती जणांचं जेवण आहे?"

"दोघांचं."

"दोघांना एवढी बिअर? मग कोंबडीला कशाला, मलाच बोलवा की!" ती हसली, आणि मग त्याचं तोंड बघून नरमली. "नेली येतेय वाटतं. राहणार आहे?"

"तिचं तिला माहीत."

"विचारलंत का?"

"तिला वाटलं तर राहील."

"तुम्ही पुरुष म्हणजे ना, धन्य आहात! निखाऱ्यात हात घालाल, पण चार शब्द बोलायचे म्हटलं की चटका बसतो." तिने अंगणातली हुआकातायची जुडी तोडून कुंपणावरून पुढे केली. "घ्या. चटणीत हा पाला जास्त घाला. तिला लहानपणी नुसती चटणी चाटायला आवडायची."

हे सातुर्निनोला ठाऊक नव्हतं. त्याने मान हलवली, जणू ठाऊक होतं.

रविवारी मिस्सा झाला. नेलिदा आईच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग चक्क त्याच्याबरोबर घरी आली. तिने पाठीवरची पिशवी मात्र आत न नेता दाराशीच ठेवली, तेवढं त्याने बघितलं. ती आईच्या खुर्चीत डोळे मिटून बसली आणि हा गच्चीवर गेला. भाजायच्या लोखंडी पिंपात निखारे फुलवले, कोंबडी आकड्याला टांगली. वर नेहमीचं राखाडी आभाळ, अंगावर पावसाची बारीक भुरभुर. पिंपात टांगलेल्या कोंबडीला फिरवावं लागत नाही, हे काय त्याला कळत नव्हतं? तरी दर थोड्या वेळाने झाकण काढून तो आकडा हाताने फिरवत राहिला. मधेच खाली येऊन त्याने पिवळी मिरची, चीज, दूध, तेल आणि तो पाला मिक्सरला लावला. चटणी दाट झाली, साईसारखी. वासाने नेलिदाने डोळे उघडले.

"आईसारखा वास येतोय," ती म्हणाली. सातुर्निनोला एवढा आनंद झाला की तो लगबगीने परत गच्चीवर पळाला.

कोंबडी झकास झाली होती. कातडं तांबूस काळपट, बोटाने टिचकी मारावी तर वाजेल असं. टेबलाशी उभं राहून त्याने कात्री चालवली, चार तुकडे केले, चिमटा उचलला आणि सवयीने विचारून गेला, "तंगडी की छाती?"

नेलिदाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

"तंगडीच ना? मुलांना तंगडीच आवडते," असं म्हणत त्याने घाईघाईने एक तंगडी तिच्या ताटात ठेवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दुसरीही ठेवली. "दोन्ही तुझ्या."

ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "घरात तंगड्या दोनच असायच्या, पापा. एक दादाची, दुसरी तुमची. ती आई तुमच्यासाठी झाकून ठेवायची. मी दर रविवारी मागायची आणि आई म्हणायची, हात लावू नकोस, पापा दमून येतील."

सातुर्निनोला ती झाकलेली ताटली आठवली. दिवसभर कोंबडीच्या धुरात उभं राहिल्यावर त्याला तो वाससुद्धा नको व्हायचा. झाकण न उचलताच तो झोपायचा.

"मी ती कधी खाल्लीच नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. सोमवारी कुत्र्याला जायची. मी बघायची ना."

"मग आता खा की. घे."

"आता नको, पापा." तिने दोन्ही तंगड्या परत मोठ्या ताटात ठेवल्या आणि छातीचा तुकडा ओढून घेतला. "आता हीच आवडते. सवय झाली."

ती नीट जेवली. चटणी दोनदा घेतली. नातवाच्या शाळेचं बोलली, ताक्नातल्या उन्हाचं बोलली. सातुर्निनो 'हं, हं' करत ऐकत होता आणि आतल्या आत त्या एका शब्दाशी झटत होता. ताटं उचलताना अखेर तो म्हणाला, "खोलीतल्या चादरी धुतल्यात."

नेलिदा थांबली. तिला कळलं, हे त्यालाही कळलं. "बसचं तिकीट काढलंय, पापा," ती हळूच म्हणाली आणि त्याच्या गालाला गाल लावला. त्याने तंगड्या कागदात बांधून दिल्या, तर म्हणाली, बसमध्ये वास सुटेल, लोक बोलतील. रस्त्याच्या वळणापर्यंत तिने दोनदा मागे वळून हात हलवला. तो दारात उभा होता.

आत येऊन तो तिच्या खुर्चीत बसला. पुडा सोडला आणि एक तंगडी हातात घेतली. थंड झाली होती, पण मांस हाडापासून अलगद सुटत होतं, मसाला आतवर मुरला होता. इतकी चांगली लागते हे त्याला ठाऊकच नव्हतं. 'नेली, चांगली आहे गं,' असं तो मोठ्याने म्हणाला, आणि मग एकटाच खात राहिला.