मस्तगडच्या फळ्यावरचा लाल खडू

मी उर्दूत शिकलो, हे आधीच सांगून टाकतो. निजामाच्या राज्यात जालन्याच्या शाळेत अलिफ-बे गिरवलं. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत, मार खाल्ला तोही उर्दूत. मराठी होती ती घरात, आईच्या तोंडात. अठ्ठेचाळीस साली राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या आणि आम्हा नव्या मास्तरांना सांगण्यात आलं की आधी तुम्ही मराठी शिकून या. मी वर्षभर औरंगाबादेला ट्रेनिंगला गेलो. तिथं पुण्याकडचे एक शिक्षक आम्हाला शुद्धलेखन शिकवायचे. त्यांना म्हणे अनुस्वार नुसते दिसत नसत, ऐकूही यायचे. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि परत आलो तो आजार घेऊनच आलो.

आजार कसला? तर मला वाचता येईना. म्हणजे मजकूर दिसायचा नाही, फक्त चुका दिसायच्या. चहाच्या हॉटेलवर 'गरम चाहा मीळेल' अशी पाटी होती. मी मालकाला बाहेर बोलावून ऱ्हस्व-दीर्घावर पाव तास ऐकवलं. तो म्हणाला, "गुर्जी, च्या गोड झाला का न्हाई तेवढं सांगा." स्टेशनावर 'येथे थुंकू नये' लिहिलेलं होतं. त्या काळच्या नियमानं त्यात दोन टिंबं कमी होती. ती कुठं कुठं हवीत हे मी स्टेशनमास्तरला समजावून देत होतो तेवढ्यात माझी गाडी निघून गेली. लग्नपत्रिका आली की मी लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवायचो. दुसऱ्या वर्षापासून पत्रिका यायच्या थांबल्या. मला वाटलं, औंदा लग्नंच कमी आहेत.

लोक मला टिंबगुर्जी म्हणायला लागले. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा! आणि गंमत बघा, पुढं काही वर्षांनी नियमच बदलले. ज्या टिंबांपायी मी अर्ध्या जालन्याशी भांडलो, ती टिंबं शहाण्या लोकांनीच काढून टाकली. तेव्हा मात्र माझी माफी मागायला कुणी आलं नाही.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. मस्तगडचा फळा तसा जात नाही.

जालन्यातल्या मस्तगड भागात एका मारवाडी शेठजींचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून एक टेलर बसायचा. वय चाळिशीच्या पुढं, शिक्षण माझ्यासारखंच उर्दू, तेही चौथीपर्यंत. देवनागरी त्यानं मोठेपणी आपली आपण शिकून घेतली होती. रोज सकाळी वाचनालयात जाऊन तो पेपर वाचायचा आणि ओट्याच्या खांबावर टांगलेल्या काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूनं दहा-बारा ओळी बातम्या लिहायचा. वर दिल्ली, मधी हैदराबाद, खाली मोंढ्यातला कापसाचा भाव, शहागडला गोदावरीला पाणी किती, देवीची लस टोचणारा डॉक्टर कधी येणार. खेड्यातून बाजाराला आलेला माणूस आधी फळ्यापाशी थांबायचा. वाचता येणारा मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे.

लोक त्या टेलरला संपादक म्हणत. तो एकदा मला म्हणाला होता, "गुर्जी, सारी उमर लोक मला 'ए टेलर, इकडं ये' म्हणले. फळा लिहाया लागलो तवापासून 'अहो' म्हणतेत. माझी बायको बी म्हणती." हे सांगताना तो इतका खुश होता की त्याच्या सुईतला दोरा निसटला. म्हणजे तो फळा त्याचा काय होता, हे मला बराबर माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते केलं. वेडा असतो तर निदान माफी तरी मिळाली असती.

एका बाजाराच्या दिवशी शाळेला जाताना मी फळ्यापुढं थांबलो, खिशातून लाल खडू काढला आणि चुकांभोवती गोळे केले. सतरा निघाल्या. खाली कोपऱ्यात, परीक्षेच्या पेपरवर करतात तसा, '१७' आकडा टाकून त्याला गोल केला. माणसं हसली. दुसऱ्या दिवशी परत गोळे केले, तर दुप्पट माणसं जमली. मला वाटलं, जालन्याला शुद्ध मराठीची तहान लागली. अहो, कसली तहान! लोक तमाशा बघायला आल्ते. बातमी कुणी वाचेना. लांबूनच विचारायचे, "आज किती?"

संपादक रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरं केलं गुर्जी. शिकून घेतो की." पुढच्या आठवड्यापासून तो फळ्यावर लिहायच्या आधी मजकूर कागदावर उतरवून माझ्या घरी आणायला लागला. मी अंगणात दात घासत असायचो. तो उभा राहायचा आणि मी, तोंडात राखुंडी, एका हातानं त्याच्या कागदावर फुल्या मारायचो. आई आतून म्हणायची, "बस तरी म्हण रे त्याला." मला ते काही सुचलं नाही. माझं लक्ष वेलांट्यांत होतं.

आणि चुका कमी व्हायला लागल्या! सतराच्या अकरा झाल्या, अकराच्या सहा. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो की बघा, कसा तयार केला. ओळीही कमी होत चालल्यात हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. ज्या शब्दाची खात्री नाही तो शब्द तो गाळत होता, आणि शब्दाबरोबर ती बातमीच गाळत होता. आधी दिल्ली गेली, मंत्रिमंडळासकट. मंग हैदराबाद गेलं. मंग डॉक्टर. एके दिवशी फळ्यावर एकच ओळ होती, 'आज बाजार आहे.' चूक एकही नाही. आज बाजार आहे हे बाजारात उभ्या असलेल्या माणसाला सांगायची काय गरज, हा प्रश्न मला पडला नाही. मी लाल खडूनं खाली 'शाबास' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा होता. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी शेठजींनी मला रस्त्यात गाठलं. "गुर्जी, गिऱ्हाईक फळ्यासाठी थांबायचं, थांबलं की कापड बघायचं. अब क्या करू? फळ्यावर पापड वाळत घालू? आता तुम्हीच लिहा."

मला काय, हेच पाहिजे होतं. शाळेतला शब्दकोश काखेत मारून गेलो. पहिल्या दिवशी दोन ओळी लिहायला मला दीड तास लागला. त्यातली एक अजून पाठ आहे: 'गोदावरी नदीच्या जलपातळींत वृद्धि झाली असल्यामुळें प्रवाशांनीं दक्षता बाळगावी.' एक शेतकरी बैलगाडी थांबवून आला, फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ओट्यावर जाऊन टेलरला विचारलं, "काय लिव्हलंय वो?"

टेलरनं मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "शहागडला पाणी लई हाय. आज जाऊ नका."

शेतकऱ्यानं गाडी वळवली. माझ्यासमोर.

मी हट्टानं आठ दिवस लिहिलं. एका संध्याकाळी फळा पुसायला गेलो तर माझ्याच वाक्यात एक टिंब राहून गेलेलं दिसलं. दिवसभर ते तसंच होतं, सगळ्या मस्तगडापुढं! टेलरला विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं का?"

"सकाळीच दिसलं."

"मग सांगायचं की!"

"चार माणसं उभी व्हती, गुर्जी. लोकांत कशाला?"

तो हे टोमणा म्हणून बोलला नाही. तसं असतं तर मी दोन टोमणे परत दिले असते, त्यात मी कच्चा नव्हतो. तो साधंच बोलला, आणि मला ओट्याच्या पायरीवर बसावं लागलं. लाज वाटली. मी म्हणालो, "चुकलो. तुम्ही परत लिहा. मी फळ्याकडं बघणारसुद्धा नाही."

त्यानं दोरा दातानं तोडला. "लिहीन की. तुमची बदली झाली की दुसऱ्या दिशी लिहितो."

तो हसला, म्हणून मीही हसलो. मी मोठ्या मनानं तेव्हाच बदलीचा अर्ज केला, असं इथं लिहायला आवडलं असतं. पण तसं काही केलं नाही. फळा कोराच राहिला आणि मी रोज त्याच्यासमोरून मान खाली घालून जात राहिलो. वर्षभरानं बदली आपोआपच आली, तीही शहागडला.

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याला आलो. पिशवी घेऊन चालत घरी निघालो तर मस्तगडात दुकानापुढं ही गर्दी! डोक्यांच्या वर फळा दिसला. वरपासून खालपर्यंत भरलेला, बारा तरी ओळी. दिल्लीही होती. कुणीतरी मोठ्यानं वाचत होता आणि बाकीचे "पुढं, पुढं" करत होते. काय सांगू, मला इतका आनंद झाला की पिशवी टाकून टेलरला मिठी मारावी वाटली. मी पुढं सरकलो. खडूबिडू काही नव्हता माझ्याजवळ, खरंच नव्हता. मला नुसतं 'वा' म्हणायचं होतं.

तेवढ्यात टेलरला मी दिसलो.

तो ताडकन उठला. हाताला लागलं ते कापड उचललं, कुणाच्या तरी सदऱ्याची बाही होती ती, आणि दोन फटकाऱ्यांत सगळा फळा पुसून टाकला. लोक ओरडले, "अहो संपादक, वाचू तर द्या!"

"चुकलं व्हतं जरा," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "परत लिहितो. थांबा थोडं."

मी त्याच पावली मागं फिरलो आणि कुंडलिका नदीच्या काठानं वळसा घालून घरी गेलो. तेव्हापासून सुट्टीला आलो की मी त्याच वाटेनं जातो-येतो.

आई मात्र भाजीला त्याच रस्त्यानं जायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुणी वाचत असलं की ती उभी राहून ऐकायची. संध्याकाळी मी तिला विचारायचो, "आज फळ्यावर काय होतं?" ती भाजी निवडता निवडता सगळं सांगायची, कापसाच्या भावापासून दिल्लीपर्यंत. एकदा ती वैतागली. म्हणाली, "एवढा शिकलेला तू, आन् मला काय इचारून राह्यला? चार पावलांवर तर हाय. जाऊन वाच की!"

मी म्हणालो, "नको गं. मी गेलो की त्याला पुसावं लागतं."