टेपचं दुसरं टोक

या ग्रुपवरचे चकव्याचे आणि हाकांचे अनुभव वाचून मी मनसोक्त हसलेय. एकदोन ठिकाणच्या खवचट कमेंटही माझ्याच आहेत. आमचं घरच तसं. वडील, म्हणजे नाना, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. उपासतापास कडक, पण भुताचं नाव काढलं की म्हणायचे, "सीमेवर एवढ्या राती काढल्या, एक बी भेटलं न्हाई." त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण लिहिते.

मी जंगल व्यवस्थापनात पीएचडी करतेय. वणवा लागून गेलेल्या जंगलात नवी रोपं कशी उगवतात, हा विषय. घर तासगावजवळ, फिल्ड मात्र सातारा जिल्ह्यात, पाटणच्या वरच्या डोंगरात. सोबतीला माणूस मिळेना, तेव्हा नानाच निघाले. "द्राक्षाची छाटणी उरकलीया, घरात बसून काय करू?" त्यांना शुगर आहे, रोजची गोळी आहे. त्यांच्या खाण्याकडं बघ, असं आईनं मला दहादा बजावलं होतं.

आमची कामाची पद्धत आधी सांगते. नाना एका झाडापाशी मोजायच्या टेपचं टोक धरून उभे राहायचे. मी रीळ घेऊन कारवीच्या झुडपांत शिरायची आणि पन्नास मीटरपर्यंत दोन्ही अंगांची रोपं मोजत जायची, ही झाली एक ओळ. कारवी डोक्याच्या वर, माणूस दिसत नाही. वारा सुटला की हाकही पोचत नाही. म्हणून नानांनी खुणा ठरवलेल्या. मी एक हिसका द्यायचा – धरलंय का? त्यांनी एक द्यायचा – धरलंय. काम संपलं की माझे दोन हिसके, मग त्यांनी टोक सोडायचं आणि मी टेप गुंडाळायचा.

त्या दिवशी संकष्टी होती. नानांनी गुपचूप उपास धरला आणि वर शुगरची गोळीही घेतली, हे मला नंतर कळलं! मला कळू नये म्हणून डबा मात्र माझ्यासमोर पिशवीत भरला.

दुपारची शेवटची ओळ. जरा आत गेल्यावर हिसका दिला, उत्तर आलं. मध्यावर दिला, आलं. टेप इतका स्थिर की मला बरं वाटलं, एरवी नानांचा हात जरा थरथरतो. टोकाला पोचून दोन हिसके दिले. सुटला नाही. पुन्हा दिले... नाही. "नानाऽऽ!" म्हणून ओरडले. काही नाही. आणि मग मी काहीच न करता तिकडून ओढ आली. एकदा... मग जोरात, रीळ हातातून निसटता निसटता राहिलं.

मला राग आला. नाना कामात कधी चेष्टा करत नाहीत. टेप गुंडाळत मागं फिरले आणि वाटेत थबकलेच. जाताना मी कंपास लावून सरळ ओळ मारली होती. आता टेप एका जांभळाच्या बुंध्याला वळसा घालून खाली ओढ्याकडं गेला होता. मी गुंडाळायचं थांबवून पुढं झाले, तरी तो सैल पडेना. जेवढी मी पुढं सरकायची, तेवढा तो खालून कुणीतरी ओढून घेत होतं. पण नाना कुठायत, या काळजीपुढं भीती टिकली नाही. मी तशीच उतरले.

ओढ्याकाठी नाना कुशीवर पडले होते. घामानं चिंब, डोळे मिटलेले. मी त्यांच्यापाशी पोचले आणि टेप एकदम सैल पडला. टोक त्यांच्या हातात नव्हतं. ओढ्याच्या पलीकडच्या दगडावर होतं.

त्यांच्यासाठी माझ्या पिशवीत ठेवलेली ग्लुकोजची पूड त्यांच्या गालाच्या आत चोळली, रडत, ओरडत. हळूहळू त्यांनी डोळे उघडले. माझा आरडाओरडा ऐकून खालच्या वस्तीवरची माणसं धावली, त्यांच्याच जीपनं दवाखाना गाठला. शुगर फारच उतरली होती, वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

माझ्या गाइड सरांनी ऐकून लगेच सांगितलं, टेप फांदीत अडकला असणार. फांदी ओढली की ती उलट ओढते. मान्य. पण फांदी आपणहून ओढायला लागत नाही. टेप ओढ्यापलीकडं तर नक्कीच नेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात चहा पिताना नाना आपणहून बोलले. "तू कारवीत शिरलीस आन् लगीच मला गरगराया लागलं. पाणी प्यावं म्हून टेप घिऊनच खाली उतरलो, आन् पडलो."

म्हणजे माझ्या पहिल्या हिसक्याच्याही आधी.

"मूठ काय सोडली न्हाई बघ मी. म्हटलं, टेप सुटला तर पोरीचं काम वाया जाईल. मग कुणीतरी माझी बोटं एकेक करून सोडवली. झोपल्याल्या पोराच्या हातातलं खेळणं काढून घेत्यात न्हवं, तशी. म्हटलं तू आलीस, आता काळजी न्हाई. म्हून डोळं मिटलं." माझ्याकडं बघत म्हणाले, "तूच हुतीस न्हवं, तायडे?"

"व्हय नाना, मीच," मी म्हटलं.

ते कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. सगळं तपासून झालं, काही हाती लागलं नाही. माझ्या अजून काही ओळी मोजायच्या राहिल्यात. नाना आता ठणठणीत आहेत आणि रोज विचारतात, "कवा जायाचं?" त्यांना न्यायची माझी हिंमत होत नाही. आणि नको म्हणायचं, तर ते कारण विचारतील, आणि त्या दिवशी त्यांची बोटं सोडवणारी मी नव्हते, हे त्यांना सांगावं लागेल.